आठ महिन्यांचा उतार

चंदनाच्या घोट्यावरून मशीननं मसुराएवढी कातडी काढून घेतली तेव्हा ती हसली, आणि मला रागच आला. बारा महिने तोंड पाडून बसणारी बाई, आणि प्रत्यक्ष टोचलं तर हसते! म्हटलं, झालं, हे मशीन हिला नापास करणार आणि आपला दिवस फुकट जाणार. दुखलं नाही का, म्हणून मी जरा घुश्शातच विचारलं.

"दुखलं की वहिनी," ती म्हणाली. "पण एवढंच दुखलं."

चंदना माझी नणंद. आमच्या ह्यांची, म्हणजे बाहुबली मगदूमांची, धाकटी बहीण. लग्न होऊन निपाणीला गेली आणि वर्षाच्या आत तिला चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात उतरला, पण अंगदुखी गेली नाही ती नाहीच. सांधे, पाठ, तळवे, जिथं बोट ठेवाल तिथं दुखायचं. सासरच्यांनी दोन वर्षं वाट बघितली आणि एक दिवस कपड्यांच्या बॅगेसकट आमच्या दारात आणून सोडली. तेव्हापासून ती आमच्याकडे. आमच्या गावात घरोघर चांदीचं काम. पुरुष भट्टीवर आणि बाया घरात बसून पैंजणांना घुंगरं बसवणार, ही इथली रीत. चंदनालाही मी पाट दिला, चिमटा दिला आणि बसवली. नुसतं बसून खाल्लं तर माणूस आणखी आजारी पडतं, असं माझं मत होतं. मत कसलं, सोय होती ती माझी.

दिव्यांग पेन्शनसाठी ती दोनदा जाऊन हात हलवत परत आली होती. हात हलतात, पाय हलतात, डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं, मग टक्के द्यायचे कशाचे, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. दुखणं मोजायला काही साधनच नव्हतं, आणि जे मोजता येत नाही ते सरकारदरबारी नसतंच. मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं होतं, बघा, डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात.

मग वेदनालेखाचं मशीन आलं आणि सगळंच उलटंपालटं झालं.

आमच्या समाजमंदिरात सरकारी वेदना मंडळाच्या नेर्लेकर डॉक्टरीणबाई समजावून सांगायला आल्या होत्या. आपल्या कातडीत नसांची बारीक टोकं असतात आणि त्या टोकांना बिलगून सोबती पेशी असतात, असं त्यांनी सांगितलं. वरची कातडी झडते, नवी येते, पण या सोबती पेशी वर्षानुवर्षं तिथंच असतात. दुखणं दिवसेंदिवस टिकलं की या पेशींच्या जनुकांवर रासायनिक खुणा उमटतात. काही खुणा चार-सहा महिन्यांत पुसल्या जातात, काहींना दोन-तीन वर्षं लागतात आणि काही जन्मभर जात नाहीत. कुठल्या खुणा किती उरल्यात याचं प्रमाण काढलं, की दुखणं कधी सुरू झालं, कधी वाढलं, कधी कमी झालं, हे मागच्या पंधरा वर्षांचं महिन्या-महिन्यानं सांगता येतं. मग त्या म्हणाल्या, तुम्ही नाही का, काळं पडलेलं पैंजण हातात घेतलं की सांगता, हे किती वर्षं कपाटात पडलंय ते? त्यावर सगळा गाव मान हलवायला लागला, कारण तेवढं आम्हाला पोरासोरांनाही कळतं.

मशीन आलं तसा न्यायालयाचा निकाल आला आणि नियम बदलले. न दिसणारं दुखणंही अपंगत्वच, आणि ज्यांना आधी नाकारलं त्यांच्यावर अन्याय झाला. म्हणून दुखणं सुरू झालं त्या महिन्यापासूनचा सगळा फरक द्यायचा. नोकरदारांना वेतन आयोगाचा फरक मिळतो तसा, एकरकमी.

गावात जी काही धांदल उडाली म्हणता! बिनड्रायव्हरची तपासणीची गाडी चौकात उभी राहायची आणि सकाळपासून रांग. एक लंगडत चालणारे मामा होते, वीस वर्षं सगळ्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांची रेघ निघाली सपाट. आणि आमच्या शेजारची सून, जिला कधी कुणी 'पाय दुखतो' म्हणतानासुद्धा ऐकलं नव्हतं, तिची रेघ सह्याद्रीसारखी. सासूनं ती रेघ बघितली आणि दोन दिवस जेवली नाही. गोष्टी बाहेर पडायला लागल्या होत्या. लोकांची थट्टाही चालायची, पण जरा जपून.

चंदनाचा लेख आला तो दिवस मला आठवतो. ह्यांनी फोनमधून तो भिंतीवर पाडला आणि ती रेघ आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत पसरली. रेघ कुठंही जमिनीला टेकत नव्हती. नेर्लेकरबाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं, तीव्र, अखंड. मी त्या रेघेकडे बघितलं आणि मला शरम वाटली, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी जिला नाटकी म्हणत होते ती नाटकी नव्हती. पण माणसाचं मन मोठं चलाख असतं. पुढच्याच मिनिटाला खाली लिहिलेल्या फरकाच्या आकड्यावर माझी नजर गेली आणि शरम विरघळली.

चंदनानं त्या पैशाचं काय करायचं ते ठरवूनच ठेवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन गल्ल्या सोडून आक्काताई खोत राहतात, निवृत्त नर्स. त्यांना घरामागची खोली विकायची होती. एक खोली, मोरी, छोटं परसदार. त्यांनी सांगितलेली किंमत आणि चंदनाचा सगळा फरक जवळजवळ सारखाच होता. "मला ती खोली घ्यायची आहे," एवढंच ती म्हणाली. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं पहिल्यांदा मला हवंय असं म्हटलं होतं, आणि मी म्हटलं, बघू.

कारण खोली आम्हालाही हवी होती. आमच्या श्रेणिकला मुली सांगून येत होत्या, पण घर बघून गेल्या की निरोप नाही. एकीच्या आईनं तोंडावरच विचारलं होतं, नवरा-बायकोला वेगळी खोली कुठाय? माडीवर एक खोली काढली असती तर प्रश्न मिटला असता, पण यंत्रावरचे पैंजण आल्यापासून ह्यांच्या भट्टीवर घर चालत होतं एवढंच. आणि नियमात एक कलम होतं. ज्यानं रुग्णाला सांभाळलं, त्यापायी स्वतःची मिळकत बुडवली, त्याला फरकाचा तिसरा हिस्सा. तो सरकार वरून देत नव्हतं. रुग्णाच्याच फरकातून कापून देत होतं.

मी ह्यांना म्हटलं, सांभाळलं नाही का आपण? दोन वेळचं जेवण, कपडालत्ता, औषधं, मिरजेच्या फेऱ्या. ह्यांनी हातावरची काजळी पुसली. मग म्हणाले, तिचं खोली घ्यायचं राहून जाईल मग. मी म्हटलं, राहू दे की, आपलं घर काय तिला परकं आहे? एकटी बाई, अशा दुखण्याची, तिला वेगळं ठेवलं तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. लोकांचं नाव पुढं केलं की ह्यांचं तोंड बंद होतं, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. सांभाळकर्ती म्हणून मी माझं नाव भरलं. संमतीसाठी चंदनापुढं फोन धरला, तिनं वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि अंगठा टेकवला. मला वाटलं होतं, निदान काहीतरी बोलेल. ती उठून पाटावर जाऊन बसली आणि घुंगरं बसवायला लागली.

सुनावणी कोल्हापूरला होती. नेर्लेकरबाई बऱ्या माणसासारख्या बोलल्या, चहा मागवला. त्या म्हणाल्या, सांभाळ सिद्ध करायला आम्ही शेजाऱ्यांची साक्ष घेत नाही, लेखच बघतो. कुणी खरंच जीव लावला, विश्रांती दिली, तर रेघेत उतार दिसतो. आणि त्यांनी पडद्यावर चंदनाची रेघ मोठी केली. सहा वर्षांमागं एका ठिकाणी ती चक्क खाली आली होती. श्रावणापासून फाल्गुनापर्यंत, आठ महिने. मग पुन्हा उभी वर.

"इतका चांगला उतार या जिल्ह्यात आम्हाला क्वचित दिसलाय," त्या म्हणाल्या. "त्या आठ महिन्यांत तुम्ही नक्की काय केलंत, मगदूमबाई? आम्हाला इतर घरांनाही सांगायचंय."

मी मनाशी हिशेब केला. सहा वर्षांमागचा श्रावण. पूर्वाला, माझ्या लेकीला, दिवस पुरे व्हायच्या आत जुळी झाली होती, पोरं काचेच्या पेटीत होती आणि मी पुण्याला गेले होते. होळीला परत आले. ते आठ महिने मी घरात नव्हतेच. श्रेणिक वसतिगृहावर होता, हे दिवसभर भट्टीवर. घरात चंदना एकटी होती.

खरं सांगायची वेळ ती होती. 'मॅडम, मी तेव्हा पुण्याला होते,' एवढं म्हटलं असतं तर हिस्सा गेला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं माडीवरची खोली होती, तिला निळा रंगसुद्धा मी देऊन टाकला होता. माझं तोंड आपोआप सुरू झालं. तिळाचं तेल कोमट करून रोज अंग चोळायचे, म्हटलं. पाय गरम पाण्यात. पाटावर बसणं बंद. जेवण दिवस असताना, आणि वर हळद घातलेलं दूध. बाई भराभर टिपून घेत होत्या. मग त्यांनी चंदनाला विचारलं, खरं ना?

चंदना माझ्याकडं बघत नव्हती, पडद्यावरच्या त्या उताराकडं बघत होती. तिला ते आठ महिने कुठले ते माझ्याआधी कळलं असणार.

"होय," ती म्हणाली. "वहिनींनीच केलं."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तिनं पिशवीतून चिक्की काढली आणि अर्धी मला दिली. मी ती घेतली आणि खाल्लीसुद्धा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

फरक आला, हिस्सा आला. आक्काताईंना चंदनानं स्वतः जाऊन सांगितलं की सध्या जमत नाही. आमच्या माडीवर विटा चढायला लागल्या. आणि एक दिवस शेजारची सून मोबाईल घेऊन आली, म्हणाली, काकी, हे तुमचंच ना? मंडळानं सगळ्या जिल्ह्याला सूचना पाठवली होती: तिळाचं तेल, गरम पाणी, हळदीचं दूध. नाव नव्हतं, पण गावाला कळायचं राहतंय होय? बाया विचारायला यायला लागल्या. तेल किती कोमट करायचं, काकी? चोळायचं खालून वर की वरून खाली? मी ठोकून द्यायची. काहींना गुण येत होता म्हणे, आणि त्या पेढे घेऊन यायच्या. तो पेढा देवापुढं ठेवायलाही माझा हात धजत नसे.

शेवटी मी ठरवलं, खोटं बोललो ना, मग आता खरं करून दाखवू. चंदनाचा पाट मी माळ्यावर टाकला. कामाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. रोज सकाळी तेल तापवून मी स्वतः तिचं अंग चोळायची, खालून वर. दूध द्यायची. रात्री तिनं कूस बदलली तरी मी दार ढकलून विचारायची, काय होतंय? कुठं दुखतंय? आणू काही? ती म्हणायची, काही नाही वहिनी, बरं वाटतंय. हसायची. पहिल्यापेक्षा जास्त हसायची. माझ्या मनावरचं ओझं जरा हलकं व्हायला लागलं होतं. वर्षानं पेन्शनची फेरतपासणी होती आणि मला खात्री होती की रेघ खाली आलेली दिसणार. मग काय, मागचं खोटं ते खोटं उरणार नव्हतं.

गाडी आली, मसुराएवढी कातडी घेतली. या खेपेला लेख नुसता पाठवला नाही, नेर्लेकरबाईंनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

रेघ वर गेली होती. पंधरा वर्षांत नव्हती इतकी वर, आणि चढ बरोबर मी तेल चोळायला लागले तिथून सुरू झाला होता. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. बाई म्हणाल्या, दोनदा बघितलं. मग त्यांनी मला समजावलं, आणि मला वाटतं त्यांचा माझ्यावर तेव्हाही विश्वास होता. दुखणं नसेतून मेंदूकडं जातं, पण मेंदूही खाली नसांना निरोप पाठवत असतो. माणूस दुखणं लपवायला लागलं की त्याला सतत सावध राहावं लागतं. स्नायू आवळलेले, श्वास धरलेला, चेहरा सांभाळलेला. तो ताण नसांना कळतो आणि त्या आणखी जागरूक होतात, मग साधा स्पर्शही दुखतो. लपवायलाही शरीराला राबावंच लागतं, असं त्या म्हणाल्या. चंदनाबाई कुणापासून काही लपवतात का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी पिशवी उचलली आणि आम्ही बस धरली.

घरी येऊन मी चंदनाला स्वयंपाकघरात बसवलं. हे भट्टीवर होते. मी म्हटलं, मी पुण्याला होते ते आठ महिने तू काय करत होतीस? कुणी यायचं का? काही औषध घेत होतीस? खरं सांग, तुला तुझ्या आईची शपथ.

ती ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत बोलली.

"काही नव्हते करत वहिनी. काम होतं तेवढंच करत होते, घुंगरंही बसवायची. पण घरात कुणी नसायचं, तर मला कण्हता यायचं."

मी म्हटलं, म्हणजे?

"दुखलं की मोठ्यांदा कण्हायची. बसताना, उठताना, भांडी घासताना. रडूही यायचं मधेच. कुणाला काय वाटेल याची काळजी नसायची." मग ती म्हणाली, "पूर्वी मी कण्हले की तुम्ही भांडी आपटायचात. आता कण्हले की तुम्ही तेलाची वाटी घेऊन धावत येता, आणि तुमचं तोंड इतकं पडतं की मलाच वाईट वाटतं. मग मी गिळते. मला दोन्ही जमत नाही हो वहिनी."

मी तिला विचारलं, त्या दिवशी कोल्हापुरात खोटं का बोललीस माझ्यासाठी? ती म्हणाली, तुम्हाला खोटं पाडून मी संध्याकाळी जेवायला कुठं आले असते?

मला कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. इतकी वर्षं माझ्याच घरात ही बाई आपला आवाज मुठीत धरून वावरत होती, आणि मी समजत होते की मी तिला सांभाळते. आधी माझ्या रागाला ती भीत होती. आता माझ्या अपराधी तोंडाला सांभाळत होती. आपल्या दुखण्यावर आणखी माझी लाजही तिनं उचलून घेतली होती, आणि मी म्हणत होते तेल खालून वर चोळू की वरून खाली.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच कोल्हापूरला गेले. ह्यांना फक्त सांगितलं, ते अडवायला आले नाहीत. नेर्लेकरबाईंना म्हटलं, मॅडम, त्या आठ महिन्यांत मी पुण्याला होते. तेल, पाणी, दूध, सगळं मी बसल्या जागी रचलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग हवा होता, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. सूचना मागं घ्यावी लागेल, म्हणाल्या. हिस्सा परत करावा लागेल, वर दंड. आणि तो हिस्सा चंदनाबाईंच्या खात्यात जाईल. मी विचारलं, लवकरात लवकर कधी जाईल? त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

माडीवरच्या भिंती छातीएवढ्या झाल्या होत्या, तिथंच थांबल्या. माझ्या पाटल्या गेल्या आणि ह्यांचं चांदी लाटायचं जुनं चरक यंत्र गेलं. श्रेणिक माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही. गावात बातमी फिरली, आणि ज्या बाया पेढे आणायच्या त्या आता देवळात मला बघून पदर सावरत बाजूला व्हायच्या. त्यांचंही काही चूक नव्हतं. एक बाई मात्र घरी येऊन भांडून गेली. तुमचं ऐकून मी सासूला वर्षभर तेल चोळलं, ती हाय हाय करत होती तरी चोळलं, म्हणाली. मी तिच्यापुढं हात जोडले.

आक्काताईंनी खोली अजून विकली नव्हती. चंदनाचं सामान एका हातगाडीवर मावलं. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी तिला मधेच धरलं, कारण वाकताना तिला काय होतं ते मला आता माहीत होतं. तिनं तोंड आवळलं होतं. कण्ह गं, असं मला म्हणायचं होतं, पण असं सांगून कुणी कण्हत असतं होय?

आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात. पहिल्याच दिवशी मी उन्हं उतरायच्या सुमाराला तिच्यासाठी डबा घेऊन गेले. आक्काताईंच्या घराला वळसा घालून परसदारी आले तर आतून आवाज येत होता. आधी मला कळलंच नाही कसला ते. लांबलचक, खोल, पोटातून येणारा. मग भांडं ठेवल्याचा आवाज, पुन्हा तोच सूर, आणि मधेच ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, बहुतेक गुडघ्याला शिव्या दिल्या असाव्यात. पंधरा वर्षं एका छपराखाली राहून मी तिचा हा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला धावत आत जावंसं वाटलं.

"चंदना," मी हाक मारली.

आवाज तिथल्या तिथं बंद झाला. मग दार उघडलं आणि ती हसत उभी होती. "या की वहिनी. डबा कशाला आणलात, मी करते ना माझं." चहा ठेवते म्हणाली. कपाळावर घाम होता आणि दाराची चौकट तिनं घट्ट धरली होती. मी म्हटलं, नको, घाईत आहे. ती मला गल्लीपर्यंत पोचवायला आली, सरळ ताठ चालत.

दुसऱ्या दिवशी मी परसदारी वळायच्या आधीच चपला काढून हातात घेतल्या. आत ती कण्हत होती. डबा पायरीवर ठेवताना झाकण वाजू नये म्हणून मी पदर मधे धरला. मग तशीच अनवाणी, खडे टोचत होते तरी तोंड मिटून, गल्लीच्या टोकापर्यंत आले आणि तिथं चपला पायात घातल्या.